वजन नसलेली ज्योत

"कट," कुणीतरी म्हणालं आणि सगळा सेट चिडीचूप झाला, कारण तो आवाज दिग्दर्शकाचा नव्हता.

मी तेव्हा तारांना लटकलेली, जमिनीपासून चांगली दोन पुरुष उंच. अंगात चंदेरी अवकाशवेश, कमरेला करकचून आवळलेला पट्टा, हातात पेटलेलं निरांजन आणि चेहऱ्यावर लेकराबाळांची काळजी. तो भाव मी झोपेतसुद्धा आणू शकते. मालिकांच्या जगात एक रीत आहे, छप्पर कोसळलं तरी 'कट' फक्त दिग्दर्शकाने म्हणायचं. निर्मातासुद्धा म्हणत नाही. त्यामुळे स्पॉटदादांपासून मेकअपवाल्यापर्यंत सगळे माना वळवून बघायला लागले, की हे कोणाचं डोकं फिरलं.

"कोण बोललं?" विराजने विचारलं. विराज टिपणीस आमचा दिग्दर्शक. आयुष्यभर घरगुती मालिका केलेला, स्वभावाने अगदी गरीब, पण त्या दिवशी त्याच्या कपाळावरची शीर मला वरूनसुद्धा दिसत होती.

"मी," म्हणत मैथिली पुढे आली. "सॉरी सर. पण ताई तरंगतायत आणि ज्योत उभी आहे."

"मग काय, आडवी करू?"

"उभी नको आणि आडवीही नको. तिथे ज्योतीला वर कुठे नि खाली कुठे हे कळणारच नाही."

"तिला इथे तरी काय कळतं?" विराज म्हणाला. "ताईंना खाली घ्या रे. आणि चहा सांगा कुणीतरी."

मला खाली घेतलं. खाली घेतलं म्हणजे काय, दोन बाजूंनी दोन माणसं दोर सोडतात, त्यातल्या एकाचा हात नेहमी आधी सुटतो, आणि मी बोचक्यासारखी तिरकी होत जमिनीला लागते. रोजचंच होतं ते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. घोडबंदर रोडवरच्या एका जुन्या गोदामात आमचं अवकाशयान उभं होतं, प्लायवुडचं. यानाचं नाव 'अनुराधा' आणि तिची कॅप्टन मी, कुंदा रेडकर. हसू नका. त्याआधीची वीसेक वर्षं मी पडद्यावर फक्त सासवा केल्या होत्या, आणि त्याही साध्यासुध्या नाहीत. सुनांच्या दुधात औषधं कालवली, दागिने त्यांच्याच कपाटात लपवून त्यांना चोर ठरवलं, एकीला तर ऐन मंगळागौरीच्या दिवशी जिन्यावरून ढकललं. आमची भाजीवाली मला वरची कोथिंबीर द्यायची नाही. म्हणायची, आधी सुनेला नीट वागवा. आणि मग कुठून कोण जाणे, विराजला वाटलं की यानाची कॅप्टन म्हणून हीच बाई हवी. पहिल्या दिवशी तो वेश घालून आरशासमोर उभी राहिले तेव्हा मला रडू फुटलं, अगदी खरंखुरं.

मैथिली शेंबेकर ही आमची विज्ञान सल्लागार. कल्याणच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवायची. आमच्या निर्मात्याला ती मुहूर्ताच्या नारळासारखी हवी होती, म्हणजे असलेली बरी, पुढे काही बोलू नये. ती बोलायची. यान फुटतं तेव्हा अवकाशात आवाज होणार नाही म्हणाली, तर विराज म्हणाला, आवाज नाही दिला तर लोकांना वाटेल टीव्ही बिघडला. ते बिचारीचं राहूनच गेलं. पण एकदा माझा रडण्याचा प्रसंग होता, मी सवयीने ग्लिसरीन मागवलं, तर ही हळूच म्हणाली, "ताई, तिथे अश्रू ओघळत नाहीत. डोळ्यावरच थेंब साचून बसतो."

"म्हणजे गालावर धार नाही?"

"नाही."

मी ग्लिसरीन परत पाठवलं आणि तिला माझ्या डब्यातली सोलकढी दिली. इतक्या वर्षांत मला कुणी न रडण्याचं कारण दिलं नव्हतं. तेव्हापासून आमची गट्टी.

पण त्या दिवशीचा प्रश्न माझ्या कॅप्टनपणाचाच होता. मालिकेचे आकडे घसरले होते. मालिकेवर देखरेख करायला चॅनेलने नेमलेली रेवती मॅडम, तिशीची हुशार मुलगी, तिने बैठकीत स्पष्ट सांगितलं होतं, "आपली प्रेक्षक कोण? साठीची बाई. तिला कक्षा, इंधन, वेग यातलं काही कळत नाही. तिला देवघर द्या." म्हणून रविवारचा विशेष भाग लिहिला होता. यान भरकटतं, कॅप्टन निरांजन ओवाळते, यान मार्गाला लागतं. हा भाग चालला तर मालिका चालेल. नाही चालला तर कॅप्टनला कोमात घालायचं आणि यान तरुण हीरोच्या हातात द्यायचं.

शिवाय सकाळीच निर्माते नंदू काणेकरांचा फोन आला होता. त्यांच्या नव्या मालिकेत सासू होती. "कुंदाताई, संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर मी दुसरी बघतो." फोन वाजायचा थांबला की आमच्या धंद्यातल्या बायकांचं काय होतं ते मी जवळून पाहिलंय. त्यामुळे मी मनाशी ठरवलं होतं की निरांजन तर निरांजन, ओवाळू. मी देवभोळी आहे, घरी रोज सांजवात करते, मला त्यात कमीपणा नाही. पण एक माहीत होतं. सेटवर एकदा हातात आरतीचं ताट आलं की ते परत कुणी काढून घेत नाही. पुढच्या आठवड्यात ते मला वेशावरून पदर घ्यायला लावणार होते.

चहा येईपर्यंत रेवतीही आली. काय झालं ते ऐकून तिने मैथिलीला विचारलं, "म्हणजे निरांजन काढून टाका म्हणतेस?"

"नाही मॅडम. निरांजन असू दे. ज्योत मात्र खरी दाखवा. तिथे ती गोल असेल. आणि निळी."

"गोल ज्योत?" विराज हसला. "लाडू आहे का तो?"

"सर, गरम हवा हलकी होते म्हणून वर जाते, आणि ज्योतीला वर ओढते. वजनच नसेल तर हलकं काय आणि जड काय? गरम हवा तिथेच राहते, ज्योत गोल होते. आणि यानात उघडी आग कुणी लावणार नाही. बंद पेटीत लावतात, प्रयोग म्हणून. असे प्रयोग खरोखर झालेत."

विराजने ग्राफिक्सवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आठवडा लागेल. विराजने हात वर केले. "झालं. उभीच राहणार ज्योत."

"ग्राफिक्स कशाला हवंय?" मैथिली म्हणाली. "इथेच होईल. ज्योत पेटीत ठेवायची, पेटीत कॅमेरा ठेवायचा आणि पेटी वरून सोडून द्यायची. पडत असते तेवढा वेळ आतल्या कशालाच वजन नसतं."

माझ्या डोक्यात काही शिरेना. मग ती माझ्याकडे वळली. "ताई, जत्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसलायत कधी?"

"आमच्या गावच्या सातेरीदेवीच्या जत्रेत, लहानपणी. एकदाच बसले नि कानाला खडा लावला."

"खाली येताना काय होतं?"

"पोटात गोळा येतो. बसल्या जागेवरून उचलल्यासारखं होतं."

"तेच. तुमचं वजन त्या वेळेपुरतं थोडं कमी होतं. ज्योतीचं तर सगळंच जाईल."

मला कळलं. आणि कळलं याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी विराजला म्हटलं, "एकदा करून तर बघू. माझ्या कमरेला जरा आराम."

फाइटमास्तर पास्कल वसईचा, उत्साही गडी. त्याने उड्या मारायच्या जाडजूड गाद्या एकावर एक रचल्या आणि डोक्याच्या टोपीला बांधायचा स्वतःचा छोटा कॅमेरा दिला. सेटवरची एक अ‍ॅक्रिलिकची पेटी घेतली. छपराखाली दिवे बांधायला फळ्यांचा तराफा असतो, तीन माळे उंच. दोन मुलं पेटी घेऊन वर गेली. आत तेलाचं निरांजन पेटवलं, झाकण लावलं, मैथिलीने हात केला आणि मुलांनी पेटी सोडली.

ती सरळ आलीच नाही. हवेत कलंडली, कोपऱ्यावर आपटली. उघडून बघतो तर आत सगळं तेल सांडलेलं, कॅमेरा बरबटलेला, आणि चित्रात नुसता धूर.

रेवतीने घड्याळ बघितलं. मैथिलीचा चेहरा पडला. ती खाली बसून कागदाने तेल पुसत होती. "पद्धत बरोबर आहे," एवढंच म्हणत होती. "पद्धत बरोबर आहे."

मला राहवेना. मी म्हटलं, "अगं, दोघांनी सोडल्यावर असंच होणार. एकाचा हात आधी सुटतो. रोज तशीच उतरते की मी. एकाच दोऱ्याला टांग नि दोरा जाळ. दोऱ्याला ढकलायला हात नसतात."

तिने मान वर केली.

"आणि तेल कसलं घालता? तुपाची फुलवात लाव. माझ्या मेकअप रूममध्ये डबा आहे, मी रोज सकाळी एक लावते. त्या एसीत तूप दगडासारखं घट्ट झालंय. कलंडलं तरी सांडायचं नाही."

"ताई," ती म्हणाली, "हे मला सुचायला हवं होतं."

"तुला कसं सुचेल? इतकी वर्षं निरांजनं मी लावलीत."

विराजने रेवतीकडे बघितलं. रेवती म्हणाली, "एकदाच. मग उभी तर उभी, आपण शॉट घेऊ."

या वेळी पेटी एका सुतळीला टांगली. फुलवात मी स्वतः लावली, सवयीने हात जोडले गेले. पास्कलने वरून लायटरने सुतळी पेटवली. आम्ही सगळे माना वर करून उभे. सुतळी जळली, पेटी सुटली, सरळ खाली आली आणि गादीत धप्पकन बसली. पापणी लवेपर्यंत सगळं संपलं होतं. साध्या डोळ्यांना काहीच दिसलं नाही.

मग चित्र मॉनिटरवर लावलं, अगदी हळू करून.

आधी ज्योत रोजच्यासारखी होती, पिवळी, टोकदार, वर ताणलेली. पेटी सुटली त्या क्षणी तिचं टोक खाली यायला लागलं. कुणी दाबत नव्हतं, ते आपलं आपणच उतरलं. पिवळा रंग विरत गेला. आणि वातीभोवती आवळ्याएवढा निळा गोळा उरला. जराही हलत नव्हता. फडफड नाही, काजळी नाही. कुणाच्या तरी हातात अलगद धरल्यासारखा तो तिथे होता, आणि मग गादी आली आणि चित्र हललं.

"पुन्हा लाव," विराज म्हणाला. पुन्हा लावलं. चहावाला किटली हातात घेऊन उभाच राहिला.

"हे खरं आहे?" रेवतीने विचारलं.

"आत्ता तुमच्यासमोर पडलं, मॅडम," मैथिली म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि पृथ्वीवर असल्यामुळे ते ओघळलं.

माझं काय झालं ते सरळ सांगते. जन्मभर ज्योत लावली, आणि मला वाटायचं की वर ताणलेली हीच तिची घडण. ती तिची नव्हतीच. सगळ्या जगाचं वजन तिला तसं ताणून धरतं, आणि वजन काढलं की ती अशी असते, निवांत आणि पुरी. डोळे पुसायला मी पदर शोधला तर अंगावर पदर नव्हता, चंदेरी वेश होता.

रेवतीने ते तिसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग म्हणाली, "सुंदर आहे. मलाही आवडलं. पण आपल्या बाईला नाही कळणार हे. ती विचारेल, ज्योत अशी का?"

"विचारू दे की," मी म्हटलं. "कॅप्टन सांगेल."

"ताई, साठीच्या बाईला..."

"मॅडम, तुमची ती साठीची बाई मीच आहे. दोन वर्षं कमी असतील, पण धरा. शाळा सातवीत सुटली माझी. मला कळलं. आणि कळलं तेव्हा जे वाटलं ना, ते तुमच्या कुठल्या देवघराच्या प्रसंगात मला वाटलेलं नाही."

सेटवर मी कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नव्हता. पण विराज मान खाली घालून हसत होता हे मी बघितलं.

"ठीक आहे," रेवती म्हणाली. "तुम्ही सांगा. पेटीतल्या प्रयोगाचाच प्रसंग करू, ओवाळणं नको. पण मी शब्द देत नाही, ताई. हा भाग पडला तर तुमची कॅप्टन मी वाचवू शकणार नाही."

"नका देऊ," मी म्हटलं.

विराज नवे संवाद लिहायला बसला आणि मी मेकअप रूममध्ये गेले. फोन हातात घेतला. सासू हातात ठेवली असती तर कोमाचं भय नव्हतं, दोन्हीकडे पाय ठेवून निभावलं असतं काही दिवस. मी काणेकरांना फोन लावला.

"बोला कुंदाताई, देताय ना तारखा? जबरदस्त सासू आहे."

"काय करते ती?"

"सासू आहे म्हटलं ना."

"ते कळलं. पण बाई करते काय?"

ते गोंधळले. "म्हणजे... घरात असते."

"मग मला नाही जमायचं, नंदूशेठ."

"विचार करा. परत विचारणार नाही मी."

"केला विचार," म्हटलं आणि फोन ठेवला. ठेवल्यावर मात्र खुर्चीत बसले आणि देवाला म्हटलं, आता तूच बघ बाबा.

मैथिली आली ती संवादाचे कागद घेऊन. पण तिने मला ते पाठ करू दिले नाहीत. म्हणाली, "ताई, मला काही येत नाही असं समजा आणि समजावून सांगा." मी सांगितलं. अडखळले तिथे तिने थांबवलं, पुन्हा सांगायला लावलं. मग मला पुन्हा तारांना टांगलं, यानातला पोरगेला वैमानिक माझ्याशेजारी टांगला, आणि त्याने विचारलं, "कॅप्टन, ज्योत अशी का दिसतेय?"

मी कागदावरचं बोलले नाही. मी त्याला जत्रेतला पाळणा सांगितला. वर जाणारी गरम हवा सांगितली. म्हटलं, "घाबरू नकोस. इथे हिला कुणी ओढत नाहीये, म्हणून ती गोल आहे. आपणही इथे वजन टाकून आलोय. डोकं शांत ठेवलं तर रस्ता सापडेल." विराजने ते एका दमात घेतलं आणि जसंच्या तसं ठेवलं.

रविवारी भाग लागला. सोमवारी गंमत झाली. चॅनेलवर तक्रारींचा पाऊस, की किती हे खोटं ग्राफिक्स, ज्योत कधी गोल असते का. आमच्या मालिकेत यान खोटं, तारे खोटे, माझे केससुद्धा खोटे. एकच गोष्ट अस्सल होती, आणि लोक नेमके तिलाच खोटं म्हणाले. रेवतीचा फोन आला, वरच्यांची शुक्रवारी बैठक आहे म्हणाली. मला कोमातला पलंग दिसायला लागला.

मैथिलीला मात्र अजिबात वाईट वाटलं नाही. "विश्वास नाही ना बसत? मग करून बघू दे त्यांना," ती म्हणाली. "पण आगीचं नको, कुणी भाजून घेईल." तिने एक प्लास्टिकची बाटली आणली, बुडाजवळ भोक पाडलं, पाणी भरलं. बाटली हातात धरली की भोकातून धार लागते. हातातून सोडली की पडताना धार थांबते, कारण पाण्यालाही तेवढ्यापुरतं वजन नसतं. मी कॅप्टनच्या वेशात ते करून दाखवलं आणि म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी बघा. एवढासा तुकडा, मंगळवारी मालिकेच्या शेवटी जोडला.

शुक्रवारी संध्याकाळी रेवती सेटवर आली. बैठकीतून थेट. मी मेकअप उतरवत होते. तिने तिचा मोबाइल माझ्या हातात दिला.

लोकांनी बाटल्या सोडतानाचे व्हिडिओ पाठवले होते, ढिगाने. तिने त्यातला एक लावला. कुठल्या तरी तालुक्याच्या गावातलं दोन मजली घर. गच्चीवर माझ्याच वयाची एक बाई, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात धार लागलेली बाटली. मी केलेल्या कुठल्याही सासूच्या जागी तिला उभी केली असती तर कुणाला फरक कळला नसता. खाली अंगणात मोबाइल धरून उभी असलेली तिची सून असावी, तिचा फक्त आवाज येत होता.

"सोडू का गं?"

"सोडा, आई."

बाटली आली आणि फटकन फुटली. बाई कठड्यावरून वाकली. "थांबली का धार?"

"थांबली."

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून सांगतेस?"

"अहो खरंच थांबली."

बाई सरळ उभी राहिली. मग म्हणाली, "दुसरी बाटली भर. आता तू वर ये, मी खाली येते. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

व्हिडिओ तिथेच संपत होता. मी मान वर केली.

"बैठकीत मी आकडे दाखवलेच नाहीत," रेवती म्हणाली. "एवढंच दाखवलं, दोनदा. कोमाचं नाव कुणी काढलं नाही, ताई. उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे. कॅप्टन वेळेवर या."